ओमाहापर्यंत

रविवारी चार वाजताच मार्श कॉलेजचं जिम भरलं. मानांकनं जाहीर व्हायची होती पाचला. पण नेब्रास्कातल्या या ड्राय फोर्क गावातली माणसं चर्चलासुद्धा अर्धा तास आधी जाऊन मागचे बाक अडवतात, आणि हा प्रसंग तर जन्मात पहिल्यांदा आलेला. कॉलेजला एकशे सहा वर्षं झाली, पण बास्केटबॉलची टीम राष्ट्रीय स्पर्धेत कधी पोचली नव्हती. यंदा बत्तीस सामन्यांतले अठ्ठावीस जिंकून ही टीम, थ्रेशर्स, पोचली होती. स्पर्धेत नाव आहे हे नक्की होतं. कितवं मानांकन आणि कुठल्या गावी सामना, एवढंच कळायचं राहिलं होतं.

नेडीन कोलारिकने नवऱ्याची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेशेजारी लावली, ब्रेक दाबला आणि त्याच्या गुडघ्यांवर कांबळं घातलं. मायलो सदुसष्ट वर्षांचा. त्यातली सव्वीस वर्षं त्याने टीमची बस चालवली होती. आयोवा, कॅन्सस, दोन्ही डकोटा. बर्फातून, वादळातून, हरलेल्या पोरांना झोपलेलं घेऊन पहाटे परत. अडीच वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली आणि आता मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घेणं, एवढाच प्रवास उरला होता.

"किती वाजले?" मायलोने विचारलं.

"तीन मिनिटांपूर्वी विचारलंस तेव्हा चार दहा झाले होते."

"मग आता चार तेरा. हिशेब येतो मला. मी तुझी घड्याळाकडे बघायची हौस भागवतोय."

तो खुशीत होता. नेडीनला त्याची ही खुशी बघून बरंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण त्या खुशीला एक अट चिकटलेली होती आणि ती फक्त त्या दोघांना ठाऊक होती.

जानेवारीत एकदा मशीनवर असतानाच त्याचा रक्तदाब कोसळला होता. शुद्धीवर आल्यावर नेडीनने त्याला परत आणलं. घरी बूट काढता काढता तो म्हणाला, "बस झालं, नेडीन. मी थांबवतो हे." डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं की थांबवायचा हक्क त्याचा आहे, आणि थांबवलं की आठवडा, फार तर दहा दिवस. नेडीन रडली, भांडली, मुलीला फोन लावते म्हणाली. शेवटी त्याने एक तोडगा काढला. टीम या वर्षी जाणार असं वाटत होतं, आणि स्पर्धेचे काही सामने ओमाहात होते, दीड तासावर. "टीम ओमाहाला गेली तर बसमधून जाईन, सामना बघीन. तोवर तुझ्या मशीनवर जातो. त्यानंतर मात्र मला काही विचारायचं नाही." गरजवंताला अक्कल नसते. मार्च लांब होता, तोपर्यंत आणखी काही सुचेल असं म्हणून तिने मान हलवली.

कोच रेनफ्रोने तर मायलोला बसमधली ड्रायव्हरशेजारची सीटही देऊन टाकली होती. ओमाहाचा सामना शुक्रवारी. गुरुवारी डायलिसिस, शुक्रवारी सामना, शनिवारी पुन्हा डायलिसिस. बसतंय सगळं, असं मायलोच म्हणायचा. शनिवारचं नाव त्याच्या तोंडून यायचं तेव्हा नेडीन मनात गणित मांडायची. एकदा ओमाहा झालं, पोरं जिंकली, आनंदाच्या भरात हा माणूस शनिवारी पुन्हा गाडीत बसला, की पुढचं पुढे.

आणि ओमाहा मिळणारच असं सगळं गाव धरून चाललं होतं. गावच्या रेडिओवरचा डेल प्रोकॉप तीन आठवडे घसा फोडून सांगत होता: बारावं मानांकन, ओमाहा! जवळची टीम दिली की तिकिटं खपतात, हा त्याचा सिद्धांत. टीव्हीवरचे मोठे पंडित चौदावं म्हणत होते, कुणी पंधरावंही म्हणालं होतं, पण त्या पंडितांना ड्राय फोर्कमध्ये कोण विचारतो? त्यांनी कधी इथे पाऊल ठेवलं होतं का? माणसाला हवं तेच सांगणारा ज्योतिषी खरा वाटतो, नेब्रास्कातही.

चारचाळीसला डेल माइक घेऊन उभा राहिला. "घंटा कुठाय? नेडीन, घंटा आणलीस ना?"

लोक हसले, नेडीनने पायाशी ठेवलेली पितळी घंटा वर धरली आणि टाळ्या पडल्या.

ती घंटा मायलोच्या आईची. मळणीच्या दिवसांत शेतावरच्या माणसांना जेवायला बोलवायची. म्हातारी दोनच गोष्टींसाठी प्रसिद्ध होती, खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, आणि तिचा नियम: टेबलाशी बसलेला प्रत्येक माणूस जेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही, मग तो मालक असो की कालच आलेला गडी. थ्रेशर्स म्हणजे मळणीवालेच. म्हणून अकरा वर्षांपूर्वी नेडीनने ती घंटा जिममध्ये आणली. टीम वीस गुणांनी पुढे गेली की ती उठून घंटा वाजवायची, सगळं जिम पाय आपटायचं, आणि कोच हसून बाकावरच्या शेवटच्या पोरांना खेळायला उतरवायचा. ती पोरं आजूबाजूच्या शेतांवरची. शिष्यवृत्ती नाही, उंची बेताची, पण रोज सरावाला हजर. त्यांच्या आया घंटेची वाट बघत बसायच्या. जगात दुसऱ्या कुठल्या कॉलेजात ही पद्धत असेल असं वाटत नाही. गावाला तिचा फार अभिमान होता.

पाचला जिममध्ये लावलेल्या टीव्हीच्या पडद्यावर गट उघडायला लागले. चार गट, प्रत्येकात सोळा टीम. मानांकन जितकं खालचं तितका समोर मोठा पैलवान: बाराव्यासमोर पाचवा, पंधराव्यासमोर दुसरा. ओमाहाचा बारावा क्रमांक आला आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

"अजून आहे, अजून आहे," डेल म्हणाला.

तेरा गेला. चौदा गेला. तेरा सामने हरलेली एक टीम, निव्वळ मोठ्यांच्या पंगतीत बसते म्हणून, अकराव्या जागी जाऊन बसली तेव्हा मागून कुणीतरी शिवी हासडली आणि पाद्रीबाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग शेवटच्या गटात, अगदी तळाशी, नाव आलं. मार्श. पंधरावं मानांकन. समोर गटात दुसरं मानांकन असलेलं दक्षिणेतलं एक बलाढ्य विद्यापीठ, देशात सातवं. सामना शुक्रवारी, स्पोकेन.

स्पोकेन म्हणजे चौदाशे मैल. तिथे बस जात नाही, विमान जातं.

पडद्यावर मार्शचं नाव चार सेकंद राहिलं असेल. लगेच ट्रकची जाहिरात लागली.

मग जिम पेटलं. अठ्ठावीस विजय आणि पंधरावे! हा कुठला न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी! मानांकनं ठरवणाऱ्या समितीतल्या एकाने तरी आपला एक सामना पाहिलाय का? नकाशावर दाखवा म्हणावं ड्राय फोर्क कुठाय ते! डेलने माइकमध्ये तोंड घालून समितीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पत्र लिहायचं ठरलं, मग सह्यांची मोहीम ठरली, मग गव्हर्नरला फोन करायचं ठरलं. जगाने आपल्याला मोजलं नाही याचं दुःख अशा लहान गावांत फार जुनं असतं. आज त्याला बाहेर पडायला दार मिळालं होतं.

नेडीनचं कशातच लक्ष नव्हतं. ती मायलोकडे बघत होती. तो पडद्याकडे बघत होता, जिथे आता एक माणूस ट्रकच्या मागे होडी बांधत होता.

"समितीला शिव्या घालून काय उपयोग?" लॅडी श्टास्नी म्हणाला. तो हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झालेला, कायम मांडीवर लॅपटॉप. आवाज बारीक, पण वर्गाची सवय असल्याने लोक गप्प झाले. "समिती आधी कॉम्प्युटरची यादी बघते. त्या यादीत आपण एकशे अठरावे आहोत."

"अठ्ठावीस जिंकून?" डेल ओरडला.

"जिंकलात का, एवढंच तो बघत नाही. प्रत्येक वेळी चेंडू हातात आल्यावर किती मिळवलं आणि किती दिलं, ते बघतो. शेवटच्या मिनिटापर्यंत." लॅडीने चष्मा वर ढकलला. "मी आत्ता मांडून पाहिलं. यंदा चौदा सामन्यांत आपण वीसने पुढे गेलो आणि शेवटची पाच मिनिटं... म्हणजे, बाकावरची पोरं खेळली. तेवढ्या वेळात आपण सगळे मिळून एकशे एकतीस गुण घालवले. मुख्य पोरं आत राहिली असती तर आपण यादीत सत्तरच्या आसपास असतो. बारावं मानांकन डोळे झाकून."

आपलेच दात, आपलेच ओठ. कॉम्प्युटरला काय माहीत की शेवटची पाच मिनिटं कुणाची आई रांगेत उभी राहून रडत होती?

"घंटा," मागून कुणीतरी हळू म्हणालं. एवढंच. आणि एकेक करत माना नेडीनकडे वळल्या. शिव्या नव्हत्या त्या नजरांत. तेवढं तर बरं झालं असतं. घंटा वाजली की पाय तर सगळ्यांनीच आपटले होते, पण आता प्रत्येकाला आपले पाय विसरून तिचा हात आठवत होता.

कोच रेनफ्रो उठला. "पोरांना मी उतरवलं. घंटा काही कोर्टवर येऊन कुणाला उतरवत नाही. बोलायचं असेल तर मला बोला."

भला माणूस. पण तो झाकायला गेला आणि उलट सगळं उघडंच पडलं. नेडीनला आपला चेहरा कुठे ठेवावा कळेना.

एका बाजूच्या टेबलावर चिलीची, म्हणजे राजमा-मांसाच्या झणझणीत रश्शाची, मोठी पातेली आणि दालचिनीचे रोल मांडलेले होते, विजयासाठी केलेले. लोक उदासपणे तिकडे सरकले. मायलोने खुर्चीचा ब्रेक स्वतः सोडला, खुर्ची टेबलापाशी नेली आणि वाढणाऱ्या बाईपुढे वाडगा धरला.

"भर."

टोमॅटो, राजमा, मीठ. डायलिसिसच्या माणसाला तिन्ही वर्ज्य. अडीच वर्षं त्याने यातलं काही जिभेला लावलं नव्हतं. नेडीन बटाटेसुद्धा दोनदा उकळून पाणी फेकायची. तो तिथेच बसून अख्खा वाडगा जेवला, रोलने पुसून. तिने त्याला थांबवलं नाही. तो काय सांगतोय ते तिला कळलं होतं.

घरी जाताना अर्ध्या वाटेवर तो बोलला. "चौदा वेळा, नेडीन?"

"तूच पाय आपटत होतास."

"आपटत होतो."

"तुझ्या आईची घंटा आहे ती."

"आईला कुठे जायचं होतं ओमाहाला?" तो म्हणाला, आणि मग घर येईपर्यंत काचेतून बाहेर बघत राहिला. रस्त्याकडेला मळका बर्फ होता आणि मक्याची कापलेली धाटं.

सोमवारी सकाळी त्याने सांगून टाकलं. मंगळवारी जायचं नाही. केंद्रावर फोन करून कळव.

"आपलं ठरलं होतं," नेडीन म्हणाली.

"ओमाहापर्यंत ठरलं होतं. ओमाहा नाही. संपलं."

"सामना तर आहे ना!"

"टीव्हीवर! सव्वीस वर्षं मी त्या पोरांना नेलं-आणलं. शेवटचा सामना टीव्हीवर बघायला मी दोन सुया टोचून घेऊ?"

नेडीन स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. रात्रभर तिने विचार करून ठेवला होता. तिला भीक मागायची लाज वाटत नव्हती. लाज वाटायचे दिवस कधीच गेले. "शुक्रवारपर्यंत चल. मंगळवार आणि गुरुवार, दोनच वेळा. शुक्रवारी जिंकले तर रविवारी पुढचा सामना. मग शनिवारी चल. जिंकत राहतील तोवर चल. हरले की मी काही बोलणार नाही. आईशप्पथ, एक शब्द नाही."

तो हसला, कोरडं. "पंधरावे दुसऱ्या नंबरला हरवणार?"

"हरवलंय पूर्वी."

"किती वेळा?"

ती त्याच्या गुडघ्यांवरचं कांबळं सारखं करायला वाकली.

"किती, नेडीन? तू काल लॅडीला फोन केला होतास, ऐकलं मी."

"शंभरात सातदा."

"आणि बारावे पाचव्याला?"

तिने सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण चाळीस वर्षांत तिचं एकही खोटं त्याच्यापुढे पचलं नव्हतं. "पस्तीस."

"पस्तीसचे सात केलेस तू," मायलो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पडला. जीभ चावायला उशीर झाला होता. नेडीन खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. मग भिंतीकडे बघत त्याने म्हटलं, "बरं. जिंकत राहतील तोवर."

असा सौदा ठरला. तिने जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ते तिला कशामुळे मिळालं हे ती जन्मभर विसरणार नव्हती.

मंगळवारी सकाळी केंद्रावरची नर्स मॅरिसेल सुया मांडत म्हणाली, "काय हो मायलो, पंधरावं? माझ्या नवऱ्याने टीव्हीवर चप्पल फेकली."

"लागली का?"

"टीव्हीला नाही लागली. मांजराला लागली."

मायलो मनापासून हसला. शेजारच्या खुर्चीतले वृद्ध मिस्टर ओटे मशीनला जोडलेल्या हातानेच मूठ वळायला बघत होते. "अन्याय आहे! पैसेवाल्यांची स्पर्धा आहे ही! आपल्याला कोण विचारतं!" अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर फिरत असताना माणसं मानांकनावरून भांडत होती. नेडीन कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही ज्याला अन्याय म्हणता ती मी इथे बसले आहे. पण ती मासिक चाळत राहिली.

आठवडाभर गावात तेच. डेलच्या रेडिओवर फोनची रांग. दुकानाच्या काचांवर पाट्या, "आम्ही पंधरावे नाही." गावकऱ्यांनी नेडीनला तोंडावर काही म्हटलं नाही, उलट जास्तच गोड वागले, शेजारणीने गरम जेवणाचं भांडं आणून दिलं, जणू तिच्या घरी कुणी गेलंय. फक्त घंटेचं नाव कुणी काढेना. नेडीनने ती तळघरात कपडे वाळवायच्या यंत्रामागे टाकून दिली.

गुरुवारी मायलो मशीनवर गेला. शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता सामना.

लॅडीने बोलावलं होतं, जिममध्येही पडदा लावला होता. मायलो नको म्हणाला. दोघंच बसली, तो त्याच्या आरामखुर्चीत, ती सोफ्याच्या कडेवर. समोरची पोरं आडदांड होती, एकेक दरवाजाएवढं. पहिली दहा मिनिटं बघवेनात. मग थ्रेशर्स सावरले. पेटवे नावाचा त्यांचा लहानखुरा गार्ड मधमाशीसारखा शिरत होता, टोपलीत टाकून निघून येत होता. मध्यंतराला पाच गुणांनी मागे.

"पाच काहीच नाही," नेडीन म्हणाली.

"बोलू नकोस. तू बोललीस की चुकतात."

ती बोलायची थांबली. तिने आयुष्यात हजार सामने पाहिले असतील, पण असा एकही नाही. चेंडू टोपलीच्या कडेवर घरंगळला की ती अर्धवट उठायची. एक गुण म्हणजे शनिवार. शनिवार म्हणजे रविवार. रविवारी जिंकले तर पुढचा आख्खा आठवडा. ती पोरं स्पोकेनमध्ये काय खेळताहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तर बिचाऱ्यांना एक पाऊल टाकता आलं नसतं.

चार मिनिटं उरली तेव्हा अठ्ठावन्न-अठ्ठावन्न. मायलो खुर्चीत पुढे सरकला होता, सुजलेले पाय जमिनीवर रोवून. त्याच्या गालांवर रंग आला होता. "घाबरले," तो पुटपुटला. "मोठे घाबरले बघ."

तीन मिनिटं असताना पेटवेचा पाचवा फाऊल झाला आणि नियमाप्रमाणे तो बाहेर गेला. कोचने बाकावर नजर फिरवली आणि टकर झेलेनीला उठवलं. डुकरं पाळणाऱ्या झेलेनींचा मुलगा. पोराने कपाळ पुसलं, आत गेला आणि पहिल्याच चेंडूवर लांबून तीन गुण टाकले. मायलो ओरडला. नेडीनही ओरडली. रस्त्यापलीकडच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातूनही ओरडण्याचा आवाज आला. एकसष्ट-अठ्ठावन्न. त्या क्षणी नेडीनला खरोखर वाटलं की मिळालं.

मग मोठ्यांना आपलं मोठेपण आठवलं. दोन मिनिटांत त्यांनी सहा गुण घेतले आणि थ्रेशर्सनी दोन. एकाने मागे. सात सेकंद. चेंडू पुन्हा झेलेनीकडे आला, कारण त्याला कुणी धरलंच नव्हतं. पंधराव्या टीमच्या बाराव्या पोराला कोण धरतो. त्याने उडी मारली. हात सरळ, मनगट बरोबर. चेंडू कडेला लागला, आत बघून आला आणि बाहेर पडला.

मायलोने टीव्ही लगेच बंद केला नाही. पडद्यावर झेलेनी कोर्टवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. निवेदक म्हणाला, "पंधराव्या मानांकनाच्या मानाने फारच छान लढले."

"मानाने म्हणे!" मायलो म्हणाला. "गाढव लेकाचा." मग टीव्ही बंद केला. रिमोट खाली ठेवत म्हणाला, "पोरगा घाबरला नाही. पाहिलंस? अजिबात घाबरला नाही."

"नाही घाबरला."

"आपण पंधरावे नव्हतो, नेडीन."

"नव्हतो."

बाहेर मोठ्या रस्त्यावरून लोक गाड्यांचे भोंगे वाजवत चालले होते. हरूनही अब्रू राखल्याच्या अभिमानाचे भोंगे होते ते. एका गुणाने! आता बघू म्हणावं समितीचं तोंड! गावाला जे हवं होतं ते मिळालं होतं. मायलोने थोडं सूप घेतलं आणि लवकर झोपला. तिने शब्द दिला होता म्हणून ती काही बोलली नाही.

शनिवारी मायलोची वेळ सव्वासहाची असायची. नेडीन पाचला उठली. तिने कपडे केले, बाहेर जाऊन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी सुरू करून हीटर लावून ठेवला. सवय आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. अडीच वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. मग ती त्याचा जाड कोट हातावर घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली.

तो जागाच होता. उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत होता.

"गाडी सुरू आहे?"

"हो."

"कशाला?"

"बाहेर थंडी आहे फार," ती म्हणाली. आणि मग तिने दिलेला शब्द मोडला. "फक्त आज, मायलो. आजचा एक दिवस. मी पुन्हा नाही..."

त्याने कांबळ्याबाहेर हात काढला. तिने तो धरला. सुयांच्या जागेवर हात गाठीगाठींचा झाला होता आणि आत रक्त अजून थडथडत होतं.

"आपण हरलो, नेडीन," तो म्हणाला. समजूत घालावी तसं, हळू. "जा, बंद करून ये. उगाच पेट्रोल जळतंय."

ती बाहेर आली. गाडी धूर सोडत उभी होती, आतून उबदार झालेली, त्याच्या बाजूची काच स्वच्छ. ती शेजारी उभी राहिली, किती वेळ ते तिलाच कळलं नाही. मग आत हात घालून तिने इंजिन बंद केलं. सव्वासहाला अजून पस्तीस मिनिटं होती. घरात जाऊन तिने त्याचा कोट खुंटीला अडकवला आणि त्याच्या शेजारी जाऊन पडली.